वजनकाट्यापलीकडची नोंद ठेवताय? या चुका टाळा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या व्यायामवर्गातल्या एक काकू वर्ग सोडायचा म्हणून सांगायला आल्या. वय 56. दहा आठवडे एकही खाडा नाही. वजन 71.4 किलो होतं, ते 70.9 झालं. "एवढी उठाठेव करून अर्धा किलो? त्यापेक्षा सकाळी तासभर झोपलेली बरी."

मी विचारलं, "काकू, जिना कसा चढता हल्ली?"

त्या जरा थांबल्या. मग आठवून आठवून सांगायला लागल्या. डिसेंबरात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी खाली ठेवून कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. आता तिसऱ्या मजल्यापर्यंत थेट जातात. रात्री गुडघ्याखाली उशी लागायची, ती कधी सुटली ते त्यांना सांगता येईना. कुठे लिहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब होता, सिलेंडर लावल्याची तारीख होती, मावशींचे खाडे होते आणि दर सोमवारी लाल पेनानं वजन होतं.

काटा खोटं सांगत नाही. पण हाडं, स्नायू, चरबी, अंगातलं पाणी, पोटातलं जेवण या सगळ्याची तो एकच बेरीज सांगतो. त्यातलं काय कमी झालं नि काय वाढलं, हे त्यातून कळत नाही. म्हणून रोजच्या जगण्याची नोंद ठेवा, असं मी वर्गात सगळ्यांना सांगते. बरेच जण उत्साहानं सुरू करतात आणि तीन आठवड्यांत सोडून देतात. का सोडतात, ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चुका तोंडपाठ झाल्यात.

तक्रार न ओळखता नोंद सुरू करणं

नवी वही, पंधरा रकाने: पाणी किती प्यायले, पावलं किती, फळं किती, झोप, राग, पोट, त्वचा, केस. दुसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते. आधी स्वतःला विचारा, गेल्या महिन्यात शरीरामुळे काय अडलं? पूजेला खाली बसता आलं नाही? दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात? पोट साफ होत नाही? लेकरावर विनाकारण ओरडता? त्यातल्या तीनच गोष्टी निवडा, फार तर चार. बाकीच्या सोडून द्या.

"बरं वाटलं" असं लिहिणं

"आज ठीक", "आज बरं", "आज कंटाळा" अशा तीस ओळी महिनाअखेरीला वाचल्या तर काही हाती लागत नाही. शरीरानं काय केलं ते लिहा. "दोन मजले, एकदा थांबले." "रात्री 2 ला जाग, परत झोपायला तास." "जेवणानंतर ढेकर नाही." अशी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात आणि चार महिन्यांनी वाचली तरी तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो.

यातली माझी आवडती नोंद म्हणजे जमिनीवर बसणं आणि उठणं. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो यांनी हीच साधी गोष्ट चाचणी म्हणून वापरली. 51 ते 80 वयाच्या 2000 हून जास्त लोकांवरचा त्यांच्या गटाचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात, गुडघा, कोपर, जे काही टेकवाल त्याचा प्रत्येकी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ज्यांचे गुण फार कमी होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. अर्थात, गुण कमी आले म्हणून आयुष्य कमी झालं असं नाही. पण पायांची ताकद, तोल आणि सांध्यांचा लवचिकपणा हे तिन्ही त्या एका हालचालीत कळतात.

आपल्या आजीची पिढी पंगतीत मांडी घालून जेवायची, जात्यावर बसायची, चुलीपाशी उकिडवी बसायची. ही चाचणी त्यांची दिवसातून वीसदा व्हायची. आता डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा आल्यावर कित्येकांना शेवटचं जमिनीवर कधी बसलो तेच आठवत नाही. महिन्यातून एकदा करून बघा: भिंतीजवळ, शेजारी कुणाला तरी उभं करून, अनवाणी. गुडघा बदललेला असेल, चक्कर येत असेल किंवा कंबरदुखी जोरात असेल तर करू नका. त्याऐवजी खुर्चीतून हात छातीशी घडी करून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची हलकी नको.

प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीनं मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक. आज सकाळी उपाशीपोटी, परवा जेवून, पुढच्या आठवड्यात मैत्रिणीच्या घरच्या काट्यावर. वजन एकाच दिवसात एक-दीड किलो सहज खालीवर होतं. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं की मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधी अंगाला सूज येते. साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून भात-पोळी अचानक बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा धाडकन उतरतो आणि माणूस हुरळून जातो. त्यात बरंचसं पाणी असतं. काटा उंचसखल शहाबादी फरशीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला असेल तर तोही वेगळंच दाखवतो.

वजनापेक्षा कमरेचा घेर मोजा, हे मी आग्रहानं सांगते. यामागे आपल्या पुण्याचीच एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे 9 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही पोटाभोवती चरबी कशी लपलेली असते, हे त्या एका फोटोनं दाखवलं. त्यामुळे "आमच्या यांचं वजन तर 62 च आहे" असं म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही घेराची मर्यादा धरतात.

टेप मात्र पॅंटच्या पट्ट्यावर किंवा जिथे सगळ्यात बारीक वाटतं तिथे लावू नका. बोटानं शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. त्या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप गुंडाळा. उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न घेता. टेप अंगाला लागलेली, पण रुतलेली नको. महिन्यातून एकदा पुरे.

रक्तदाबाचंही तसंच. बाजारातून येऊन घाम पुसत पुसत मशीन लावलं की आकडा वर येणारच. चहा, तंबाखू किंवा चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता, पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला, आणि मोजताना फोनवर बोलू नका. मिनिटाभरानं परत घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

नाडी सकाळी अंथरुणातच मोजा, उठून चहा टाकण्याआधी. नियमित चालणाऱ्यांची विश्रांतीची नाडी काही महिन्यांत हळूहळू उतरते. काट्यावर काहीच हलत नसताना इथे बदल दिसतो, तेव्हा फार हुरूप येतो.

सगळं स्मार्ट घड्याळावर सोपवणं

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला? 1965 मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लक्षात राहण्यासारखं होतं, ते जगभर राहिलं. तेव्हा रात्री साडेदहाला 8,600 पावलं दिसतात म्हणून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत झोप उशिरा करू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेवढं.

झोपेच्या बाबतीत तर घड्याळ नुकसानच करू शकतं. छान झोप झालेली असते, ताजंतवानं वाटत असतं, आणि मनगटावर "गाढ झोप कमी" असं दिसलं की दिवसभर थकवा वाटायला लागतो. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचा मनगटावरून काढलेला हिशेब अंदाजच असतो. म्हणून आधी कागदावर लिहा, "उठल्यावर कसं वाटलं". घड्याळ त्यानंतर बघा.

मनाची नोंद फक्त वाईट दिवशी करणं

भांडण झालं, रडू आलं, की त्या रात्री पानभर लिहिलं जातं. चांगले दिवस कोरे. मग मागे वळून बघताना सगळा महिना काळाच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, डब्ल्यूएचओ-5. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळ मन प्रसन्न होतं, किती वेळ शांत वाटलं, किती वेळ अंगात उत्साह होता, झोपून उठल्यावर कितीदा ताजं वाटलं, आणि रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला 4 नं गुणायचं. दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी भरा. आकडा 50 च्या खाली राहत असेल तर कुणाशी तरी बोला. सरकारच्या टेली-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

थकव्याला आळस समजणं

हे खास बायकांसाठी. "मी हल्ली फार आळशी झालेय" असं वर्गात कुणी म्हटलं की मी आधी हिमोग्लोबिन विचारते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. गरोदर नसलेल्या स्त्रीला 12 च्या खालचं हिमोग्लोबिन कमी समजतात. अशा अंगानं पहाटे उठून डबे करायचे, लोकल पकडायची, परत येऊन स्वयंपाक करायचा आणि वर स्वतःलाच बोल लावायचे, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. नोंदीत पाळीची तारीख आणि किती दिवस जास्त गेलं हे जरूर लिहा. थकवा कधी येतो याचा धागा बऱ्याचदा तिथेच सापडतो. आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

वजन उतरलं म्हणजे सगळं छान, असं मानणं

काही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं तीन किलोहून जास्त, तर पेढे वाटू नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉईड, क्षय यांची सुरुवात अशी होऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर थांबूच नका.

अडलंच तर

मधेच नोंद तुटली? गौरी-गणपतीत, लग्नसराईत तुटतेच. आठवून आठवून मागचे दिवस भरू नका, ते अंदाज असतात. रिकामं सोडा आणि आजची तारीख घाला.

काहीच बदल दिसत नाही? काल-आजची तुलना करत असाल. चार आठवड्यांशेजारी चार आठवडे ठेवून बघा. तरीही तसंच असेल तर मोजायची गोष्टच बदला. दोन मजले आरामात चढता येत असतील तर आता हातात पाच किलोची पिशवी घेऊन चढा.

नोंद उघडताना पोटात गोळा येतो? जेवण टाळावंसं वाटतं, दिवसातून तीनदा काट्यावर उभं राहता? मग काटा कपाटावर ठेवा, आकडे लिहिणं थांबवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना हे मोकळेपणानं सांगा. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्यासमोर वजनाची चर्चा नको.

आणि डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयचं पान फाडून किंवा फोटो काढून सोबत न्या. "बरेच दिवस झोप नाही" याऐवजी "या महिन्यात अकरा रात्री पहाटे तीनला जाग आली, त्यातल्या आठ रात्री छातीत जळजळ होती" असं सांगितलं की पाच मिनिटांच्या भेटीतही डॉक्टरांना नेमकं विचारता येतं. घरचं रक्तदाबाचं मशीनही वर्षातून एकदा घेऊन जा, त्यांच्या मशीनशी आकडा जुळवून बघा.