लॅक्टेट निम्म्यावर आलं म्हणजे मूल वाचलं? पीआयसीयूतल्या (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या) या चुका टाळा

राऊंडला हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: "सर, लॅक्टेट क्लिअर होतंय." म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा हा पदार्थ आता उतरतोय; किती टक्के उतरला, तो 'क्लिअरन्स'. माझा प्रश्न ठरलेला. दोन्ही सॅम्पल कुठून घेतली? मग फाइल चाळणं सुरू होतं.

गंभीर आजारी मुलात पहिल्या एका आकड्यापेक्षा तो पुढच्या काही तासांत कुठे चाललाय, हे जास्त बोलकं असतं. उपचार चालू असूनही लॅक्टेट उतरत नसेल तर जिवाचा धोका जास्त, यावर फारसा वाद नाही. पण दोन्ही आकडे एकाच रीतीने घेतलेले हवेत, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

एका पावसाळ्यात डेंग्यू शॉकमधला चार वर्षांचा मुलगा आला. नवख्या रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) दंडाला टुर्निकेचा पट्टा आवळून, दोघांना हात धरायला लावून, किंचाळणाऱ्या पोराच्या शिरेतून रक्त काढलं. मशीन मोकळं नव्हतं म्हणून सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली. लॅक्टेट 6.4 (मिलिमोल प्रति लिटर). नंतर आर्टिरियल लाइन (धमनीतली नळी) पडली, तिच्यातून 3.2. म्हणजे 50 टक्के क्लिअरन्स! आईला "धोका टळला" सांगून झालं, सलाईनचा वेगही उतरवला. इकडे पोराचे हात कोपरापर्यंत गार, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला पाच सेकंद, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतंय. सिस्टरने लघवीची पिशवी आणून समोर धरली तेव्हा सगळे जागे झाले. कितीतरी वेळ तिच्यात थेंबाचीही भर नव्हती. त्याच लाइनमधून पुन्हा तपासलं तर 4.1. पोरगा वाचला, तो सिस्टरमुळे. पहिला आकडाच रडण्याने, झटापटीने आणि ताटकळलेल्या सिरिंजने फुगलेला होता.

झटापटीत स्नायू लॅक्टेट तयार करतात, आणि लाल पेशी सिरिंजमध्येसुद्धा ग्लुकोज मोडून ते बनवत राहतात. माझी सवय अशी: जमेल तिथे आर्टिरियल लाइन, आणि दर वेळी तीच जागा. ती नसेल तर टुर्निके न आवळता, मोकळं वाहणारं रक्त. सिरिंज हातात घेऊन मी स्वतः मशीनपर्यंत जातो. लॅबला पाठवायचं असेल तर फ्लोराइडची करड्या झाकणाची ट्यूब, बर्फात. आकड्याशेजारी वेळ, जागा आणि 'खूप रडत होता' हेही लिहायचं. रेसिडेंटना हे कारकुनी काम वाटतं. वाटू दे.

दुसरा मोह टक्केवारीचा. 12 वरून 9 म्हणजे 25 टक्के उतार, पण 9 लॅक्टेटचं मूल अजून तितकंच संकटात आहे. 2.4 वरून 2.2 म्हणजे जेमतेम 8 टक्के, आणि मूल दूध मागतंय. सहा तासांत 10 टक्के हा मंत्र 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढांवरच्या अभ्यासातून आलाय. तो मुलांना जसाच्या तसा लावणं म्हणजे निव्वळ आळस. मुलांमधल्या सेप्सिससाठीच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडण्यासाठीच्या) 2020 च्या आंतरराष्ट्रीय 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' मार्गदर्शक सूचनांनी लॅक्टेटवरून कमी-जास्त धोक्याची वर्गवारी करण्याबाबत शिफारस केलीच नाही. कल बघा, पण तपासणीच्या जोडीने, एवढंच सुचवलं.

एकक न बघणारे तर थोरच. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट 36, आपल्या मशीनवर 3.8, आणि साहेब खूश! ते 36 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होतं. 9 ने भागा, 4 मिलिमोल प्रति लिटर येतात. मूल होतं तिथेच आहे.

ॲड्रेनलिन चालू केल्यावर किंवा सालब्युटामॉलच्या नेब्युलायझेशननंतर लॅक्टेट चढलं तर लगेच सलाईनचा बोलस (एकदम मोठा डोस) ठोकू नका, ही औषधं स्वतःच ते चढवतात; आधी हातपाय गरम आहेत का चाचपा.

फिटच्या झटक्यानंतर चढलेलं लॅक्टेट झटका थांबला की आपसूक उतरतं. ते श्रेय अँटिबायोटिकला देऊ नका.

लॅक्टेट साफ करणारं यकृतच बिघडलेलं असेल तर उतार मंदच असणार.

आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन, त्यातच लॅक्टेट असतं) चालू असलेल्या लाइनमधून सॅम्पल नको.

रक्ताभिसरण उत्तम आणि लॅक्टेट तरी हटत नाही? थायमिनची (जीवनसत्त्व बी1 ची) कमतरता आणि जन्मजात चयापचय विकार आठवा.

नातेवाइकांना टक्क्यांत जगण्याची शक्यता सांगण्याची घाई नको. शंभर मुलांचा हिशेब त्या एका आईच्या कामाचा नसतो. मी म्हणतो, "ताई, आकडा उतरतोय, हात गरम झालेत, लघवी सुरू झाली. थोड्या तासांनी पुन्हा तपासू, तेव्हा बोलू."