चौघांच्या घरासाठी आठवड्याचा स्वयंपाक कसा आखायचा

सातही दिवसांच्या दोन्ही वेळा आखल्या की बुधवारपर्यंत सगळं कोलमडतं. अचानक पाहुणे येतात, नाहीतर कालचं उरलेलं संपवायचं असतं. म्हणून पाचच दिवस आखावेत, दोन मोकळे सोडावेत.

आधी कॅलेंडर बघा. चतुर्थी, एकादशी, घरातल्यांचे उपवास, मासे-मटणाचे वार यांवर खुणा करा. साबुदाणा भिजवायचा राहिला हे चतुर्थीच्या सकाळी आठवून काही उपयोग नाही.

मग भाज्या, टिकण्याच्या क्रमाने. रविवारी बाजार केला असेल तर मेथी-पालक मंगळवारपर्यंत संपवा. पुढे भेंडी, गवार, वांगी. शेवटी कोबी, दुधी, बटाटा. चौघांना एका वेळेला अर्धा किलो फळभाजी पुरते. पालेभाजी शिजून बसते, तिच्या दोन मोठ्या जुड्या लागतात. निवडलेली मेथी न धुता कागदात गुंडाळून ठेवा. ओली ठेवली की लगेच सडते.

बेत फसतो तो बहुतेक उसळीपाशी. मटकी आठेक तास भिजायला हवी, मग उपसून फडक्यात निदान 12 तास. थंडीत 24 तासही लागतात. म्हणून बुधवारी रात्री उसळ असेल तर यादीत मंगळवार सकाळच्या रकान्यात ‘मटकी भिजत घालणे’ आणि रात्रीच्या रकान्यात ‘बांधणे’ असं लिहा. थंडीत हेच एक दिवस आधी. पाणी नीट निथळलं नाही तर मटकी चिकट होते, आंबूस वास येतो. चौघांना वाटीभर कोरडी मटकी पुरते.

डाळ दोन दिवसांची एकदम शिजवा, फक्त हळद-हिंग घालून, आणि निम्मी फ्रिजमध्ये ठेवा. आज साधं वरण, उद्या चिंच-गूळ-गोडा मसाला घालून आमटी. सगळ्या डाळीला आजच फोडणी दिली तर उद्याही तेच खावं लागतं. उरलेला भात मात्र दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जीवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते सकाळच्या फोडणीने जात नाही.

कोशिंबिरी-चटण्या आखत बसू नये, घरात काकडी असली की होतेच.

मोकळ्या दिवसांसाठी भाजणी आणि बेसन संपू देऊ नका. थालीपीठ किंवा पिठलं-भात करायला आदल्या रात्री काही भिजवावं लागत नाही.