कातळावर हापूसची कलमे लावण्यापूर्वी

घरामागच्या कातळात मी पहिल्यांदा नऊ कलमे लावली आणि त्यांतील सात श्रावण लागण्यापूर्वीच मेली. ती उन्हाने गेली नाहीत आणि वाळवीनेही नाहीत, बुडून गेली. आषाढात पाने पिवळी पडू लागली तेव्हा खत कमी पडले असे समजून मी आणखी खत घातले. शेवटी एक कलम उपटले तर मुळांना कुजका वास येत होता आणि खड्ड्यात हातभर पाणी उभे होते. तेव्हा खड्डा खणायला माणूस बोलावण्याआधी त्या खड्ड्यातले पाणी कोठून बाहेर पडणार, हे ठरलेले असले पाहिजे.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांतच खणून घ्यावेत. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी 1 मीटर. दोन कलमांत 10 मीटर अंतर ठेवण्याची जुनी रीत आहे. परसात तेवढी जागा नसते, तेथे 5 मीटरही चालते, पण मग दरवर्षी छाटणी करण्याची तयारी हवी. जांभ्याचा, म्हणजे कातळाच्या तांबड्या दगडाचा, वरचा थर इतका कठीण असतो की पहार आणि टिकाव घेऊन दोन माणसे दिवसभर झटली तरी एक खड्डा पुरा होईलच असे नाही, म्हणून दगड फोडण्याचे यंत्र, म्हणजे ब्रेकर, भाड्याने आणावा. सुरुंगाचा विचार घराजवळ करूच नये. त्याला परवाना लागतो आणि भिंतीला किंवा विहिरीला तडा गेला तर आंबे खाऊन तो बुजत नाही.

खड्डा झाला की त्यात माती टाकण्याची घाई करू नये. आधी त्यात 200 लिटर पाणी ओतावे, म्हणजे तळाशी सुमारे 20 सेंटिमीटर पाणी उभे राहील. तापलेला जांभा पहिले पाणी पिऊन टाकतो आणि आपली फसवणूक होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पाणी ओतावे. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसले, तर तो खड्डा नसून टाकी आहे असे समजावे. कोकणात एका पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; कातळावरून वाहणारे पाणी अशा टाकीत उतरणार आणि तेथेच राहणार. तळाशी दगडांचा थर दिला की निचरा होतो, हा समज मीही बाळगला होता आणि वीतभर दगड घातलेही होते. ज्या खड्ड्याला वाटच नाही त्यात दगड आधी बुडतात आणि मुळे नंतर, एवढाच काय तो फरक पडतो.

वाट काढण्याचे मार्ग तीन आहेत. वरचे कवच फोडल्यावर खालचा जांभा बऱ्याचदा मऊ लागतो. तसे असेल तर तळाला ब्रेकरने आणखी दीड-दोन फूट भोके पाडून पुन्हा पाणी ओतून पाहावे. जागा उताराची असेल तर तळापासून उताराच्या बाजूला चर काढावा, पण तो पुरता बाहेर निघाला पाहिजे: 10 मीटरला 1 मीटर उतार असेल तर 1 मीटर खोल खड्ड्याचा चर 10 मीटर लांब जाईल, अर्ध्यावर सोडलेला चर निरुपयोगी. जागा सपाट आणि तळ घट्ट असेल तर खोल जाण्याचा हट्ट सोडून खड्डा अर्धाच खणावा, वर चिऱ्यांचा कट्टा बांधावा आणि चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नये. तिन्हींपैकी काहीही करा, पण पाण्याला वाट दिल्याशिवाय मातीचा टेम्पो बोलावू नका.

मातीचा हिशेब आधीच करावा, कारण कातळावर ती विकतच आणावी लागते. एका खड्ड्याला 35 घनफूट लागते, म्हणजे एका ब्रासमध्ये (100 घनफुटांत) तीन खड्डेही पुरते भरत नाहीत. भातखाचरातली चिकण माती स्वस्तात मिळाली तरी नुसती तीच वापरू नये. काढलेली वाट ती पहिल्याच पावसात बुजवते. मातीत चार-पाच घमेली कुजलेले शेणखत आणि सुमारे 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. भरताना कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा, भोके पाडलेला पीव्हीसी पाइप उभा ठेवावा. माती पावसात खचते, म्हणून ती कडेपेक्षा वीतभर उंच भरावी, नाहीतर खचलेल्या जागी पाणी साचते आणि आपण पुन्हा टाकीपाशी येतो.

कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. कलमाचा जोड एकजीव झालेला असावा आणि पिशवीत मुळे गुंडाळलेली नसावीत. सगळी हापूसचीच घेऊ नयेत, कारण हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही. दहात एखादे रत्ना किंवा केसर जातीचे असावे. जागेवरच कोय रुजवून तिच्यावर कलम बांधले तर सोटमूळ शाबूत राहते आणि कातळात ते अधिक बरे, पण तेवढा धीर मला झाला नाही.

लावणी पाऊस स्थिरावल्यावर करावी. पिशवी काढावी, जोड मातीच्या वर ठेवावा, आधाराला काठी द्यावी. जोडाखाली फुटणारे फुटवे खुडावेत. गुरे आत येऊ नयेत म्हणून भोवती गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. उन्हाळ्यात माडाच्या झापांची सावली, बुंध्याशी पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, पहिली तीन वर्षे पाणी. पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढून टाकावा, मन घट्ट करून.

आणि जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्या पीव्हीसी पाइपात काठी घालून पाहावी. काठी वीतभराहून अधिक भिजली, तर छत्री घेऊन चराच्या तोंडाशी जावे. तेथे बहुधा पातेरा अडकलेला असतो.