पहिला छापील फोटो

स्वारगेटच्या स्टॉलवर मासिक उघडलं आणि पान उलटता उलटता हात थांबला. अर्ध्या पानभर माझा फोटो, आणि कडेला उभ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, माझं नाव. तीन प्रती घेतल्या. घरी आईने चष्मा लावून आधी नाव वाचलं, मग फोटो पाहिला, मग पुन्हा नाव वाचलं. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी कॅमेरा असं वागणाऱ्या बाईला त्या दिवशी जे वाटलं, ते तुम्हालाही वाटावं म्हणून हे लिहितेय.

फोटो भिगवणचा. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी हिवाळ्यात हळूहळू ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. तीन हिवाळे मी कुंभारगावहून पहाटे होडीत बसले. पंख पसरलेले, गुलाबी, अगदी जवळचे फोटो काढले, पाठवले, आणि सगळे परत आले. शेवटी संपादकांनी फोनवर सांगितलं, असे पक्षी आमच्याकडे दर वर्षी ढिगाने येतात, त्या पाण्यावर माणसं काय करतात ते दाखवा. छापून आला तो फोटो त्यानंतरचा: पुढे होडीत वाकलेला मच्छीमार, हातात ओलं जाळं, मागे धुक्यात रोहितांची पुसट रांग. पक्षी इतके लहान की पूर्वी मी तो डिलीटच केला असता. पण त्यात जागा कळते, आणि मासिकाला तेच हवं असतं.

फोटो निवडला गेल्यावरही तो हातचा जाणार होता. मी तो व्हॉट्सॅपवर पाठवला आणि तिकडे पोचेपर्यंत त्याची लांबी १६०० पिक्सेल उरली. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. माझी मूळ फाइल ६००० बाय ४००० ची, ती आरामात २० इंच छापता येते. तेव्हा मूळ फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. कडा फार कापू नका, मजकुराला जागा लागते. आणि स्क्रीनवरचा भडक गुलाबी कागदावर मंदावतो हे आधीच मनाशी धरा, नाहीतर अंक पाहून जीव खट्टू होईल.

मानधन विचारायला लाजू नका. स्वतःच्या हौशीने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा असतो. छापायला परवानगी दिली म्हणून तो आपोआप त्यांचा होत नाही. 'एका अंकापुरती परवानगी' एवढं ईमेलमध्ये लिहिलं तरी पुष्कळ.

फोटोओळ मात्र जीव लावून लिहा. तारीख, गाव, काय चाललंय. मी तिथेच चुकले. तिसरी प्रत आमच्या नावाड्याला द्यायला मुद्दाम कुंभारगावला गेले. इंजिन बंद करून, बांबू होडीत आडवा टाकून, त्याने पान मांडीवर घेतलं. बोट ओळीखालून सरकवत वाचलं, 'पहाटे जाळे टाकताना मच्छीमार.'

"ताई, टाकत न्हाई वो त्यो. ओढतोय. जाळं सांजच्यालाच टाकत्यात," तो म्हणाला, आणि जाळ्याच्या कोपऱ्यात चमकणाऱ्या ठिपक्यावर नख टेकवलं. "ही बघा की चिलापी मासळी."

तो ठिपका मला आजवर पाण्याचा थेंब वाटत होता.