दार लावलं की झालं? घरच्या विलगीकरणात या चुका टाळा

2020 आणि 21 मध्ये गोव्यात आमच्या भागातल्या कोविड पॉझिटिव्ह घरांना औषधं, भाजी, दूध पोचवायचं काम आम्ही काही जण करत होतो. तेव्हा ज्या चुका बघून कपाळाला हात लावला, त्याच आता साधी फ्लूची साथ आली तरी दिसतात. माणसं खर्च करतात, कडू काढे नाक दाबून पितात, आणि जे मुळात करायचं ते अर्धवट सोडतात.

वारा कुठून कुठे जातो ते न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्या जुन्या नळ्यांच्या (कौलारू) घरांत हमखास होणारी. अशा पुष्कळ घरांत मधल्या भिंती छपरापर्यंत जातच नाहीत. वर सगळी हवा एकच. बाजूच्या खोलीत कोणी कूस बदलली तर खाट करकरलेली ऐकू येते, तिथे दार लावून कसलं विलगीकरण?

डिचोलीकडे एका घरी वास्कोला कामाला असलेला नातू पॉझिटिव्ह होऊन आला. त्याला मधली खोली दिली, कारण तिथे बाहेरच्या कोणाचा संबंध नाही. खिडकी एकच, तीही शेजारी बघतील म्हणून बंद. वर पंखा फुल. ताट दाराबाहेर, भांडी वेगळी, सगळं अगदी शिस्तीत. मी तिन्हीसांजेला औषधं द्यायला गेलो तेव्हा आजीने देवाकडे धूप घातला होता. सोप्यावरून बघतो तर धूर सरळ वर चढला, भिंतीवरून त्या खोलीत उतरला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर आला. मी बोट करून दाखवलं. "दार बंद आसा मरे," आजी म्हणाली. पुढच्या आठवड्यात घरातले सगळे पॉझिटिव्ह, आणि आजीला ऑक्सिजन लागला.

खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही जे बारीक कण बाहेर पडतात ते हवेत तरंगत राहतात. म्हणून आजाऱ्याला कडेची, बाहेर खिडकी उघडणारी खोली द्या, मग ती घरातली सगळ्यात चांगली असली तरी. टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून, हवा बाहेर फेकेल असा ठेवा. मग दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर बरं. बाहेर तुमच्या तोंडावर आला तर फॅन हलवा, दुसरी खिडकी उघडा, पुन्हा बघा. मी अजून असंच करतो. भिंत वरून उघडी असेल तर घरातल्या बाकीच्यांनीही मास्क लावावा, नाकावर. हनुवटीवरच्या मास्कबद्दल मी बोलायचं सोडून दिलंय.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. बंद ठेवा.

ऑक्सिमीटरवर आवडता आकडा शोधणं

गोव्यात सरकारी किटमधून ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, घरोघरी गेले, चांगलंच झालं. पण यंत्र हातात आलं आणि लोक लॉटरी खेळल्यासारखे बोटं बदलायला लागले. फोंड्याकडचे एक निवृत्त मास्तर, सातवा दिवस, आकडा 91. मुलाने सेल बदलले. मग दुसरं बोट, मग डावा हात. कधीतरी क्षणभर 95 दिसलं, ते वहीत लिहिलं आणि मला फोनवर सांगितलं. "मास्तर बरे आसात, पेज जेवले." दुसऱ्या दिवशी रात्री 108 बोलवावी लागली. मास्तर वाचले, पण बरेच दिवस हॉस्पिटलात काढून.

कोविडमध्ये ऑक्सिजन उतरलेला असूनही माणूस बोलतो, जेवतो, बातम्या बघतो. दम लागला नाही म्हणून सगळं ठीक असं धरू नका. आधी पाच मिनिटं स्वस्थ बसवा, नेलपॉलिश असेल तर काढा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि जो दिसेल तोच लिहा. यंत्रावर संशय असेल तर स्वतःच्या बोटाला लावा. तुमचं 98 आणि त्यांचं 91 आलं तर यंत्राला दोष देऊ नका. 94 च्या खाली गेलं की डॉक्टरला फोन, सकाळची वाट न बघता. ज्यांचा आकडा बसून बरा आहे त्यांना सहा मिनिटं खोलीत चालवून पुन्हा मोजा. तीनाहून जास्त उतरला तर तेही डॉक्टरच्या कानावर घाला. म्हाताऱ्यांना किंवा ज्यांना आधीच धाप लागते त्यांना मात्र चालवू नका.

ताप उतरला की बाहेर

उतावळ्यांचा खास प्रकार. तिसऱ्या दिवशी पॅरासिटामॉलने ताप उतरतो, चौथ्या दिवशी स्वारी बाजारात नुस्तें (मासे) आणायला. गोळी घेऊन उतरलेला ताप मोजायचा नसतो. केंद्राच्या नियमांत घरी राहायचे दिवस आधी 17 होते, मग 10, जानेवारी 2022 पासून 7. शेवटच्या दोन्ही नियमांत सलग तीन दिवस ताप नको ही अट होतीच. लोकांनी सात लक्षात ठेवले आणि तीन विसरले. शिवाय कोविड बिघडायचा तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, म्हणजे नेमका आता बरं वाटतंय म्हणून वही बंद केली जाते तेव्हा.

बाकीच्या, थोडक्यात

संडास-बाथरूम एकच असेल तर आजाऱ्याने शेवटी जावं, खिडकी उघडी ठेवून यावं, आणि पुढच्याने थोडा वेळ थांबून मास्क लावून जावं.

भाजी साबणाने धुऊ नका. साबण पोटात जातो. साधं पाणी पुरे.

पोदेराचा (दारोदारी येणाऱ्या पाववाल्याचा) पाव घ्यायला आजाऱ्याने फाटकावर जायची गरज नाही. पिशवी अडकवून ठेवा, तो घालून जातो.

वाफेच्या पातेल्यावर पोरांना वाकवू नका. भाजतात.

व्हॉट्सॲपवर आलेली गोळ्यांची यादी पाळू नका. मे 2021 मध्ये आपल्याकडे गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं जाहीर झालं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच चाचण्यांबाहेर ते कोविडला वापरू नका असं सांगितलं होतं. स्टिरॉइड तर ऑक्सिजन लागत नसताना, पहिल्या दिवसांत घेतलं तर उलट नुकसान करतं. ज्यांना साखर आहे त्यांची साखर चढते ती वेगळीच.

आणि लादी पुसायचं ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एका बादलीत ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. एक आज, दुसरं उद्या, आणि मध्ये भरपूर पाणी.