चिनी संस्थेशी सहकार्य करार: जोखीम आधीच कशी ओळखावी

महापालिका असो, विद्यापीठ असो की संग्रहालय, चिनी संस्थेबरोबर काम करताना जोखीम आटोक्यात आणण्याची खरी वेळ सहीच्या आधीची. नंतर हातात फारसे काही उरत नाही.

सुरुवात समोरची संस्था नेमकी कोण, या प्रश्नापासून करा. तिचे चिनी लिपीतले नोंदणीकृत नाव आणि 18 अंक-अक्षरांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक, म्हणजे चीनमधल्या संस्थेचा अधिकृत ओळख क्रमांक, मागून घ्या. इंग्रजी नावावर विसंबू नका, कारण नोंदणी चिनी नावाने होते. कंपनी असेल तर व्यवसाय परवान्याची प्रत राष्ट्रीय नोंदणी संकेतस्थळावरच्या माहितीशी ताडून पाहा. कायदेशीर प्रतिनिधी कोण, व्यवसायाची व्याप्ती किती, हे तिथे कळते. विद्यापीठ असेल तर ते कोणत्या मंत्रालयाखाली आहे, हे विचारा. बैहांग, हार्बिन तंत्रज्ञान संस्था यांसह ‘राष्ट्रीय संरक्षणाचे सात पुत्र’ म्हणून ओळखली जाणारी, संरक्षण संशोधनाशी जवळून जोडलेली विद्यापीठे उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली येतात. त्यांच्याबरोबर साहित्य किंवा इतिहासाचे काम करणे वेगळे. ड्रोन, सेमीकंडक्टर, चेहरा ओळखणारी प्रणाली अशा विषयांत मात्र आपल्या देशाचे निर्यात नियंत्रण नियम आधी तपासायलाच हवेत.

मग मसुदा घ्या, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्राग आणि बीजिंग यांच्यातल्या 2016 च्या भगिनी शहर करारात ‘एक चीन’ धोरणाचे, म्हणजे तैवान हा चीनचाच भाग मानण्याचे, कलम होते. नव्या नगर प्रशासनाने ते वगळण्याची मागणी केली, बीजिंगने नकार दिला आणि 2019 मध्ये करार मोडला. त्याच वर्षी प्राग फिलहार्मोनिया या वाद्यवृंदाचा चीन दौराही रद्द झाला. राजकीय कलमाचा फटका कराराशी संबंध नसलेल्यांनाही बसतो, म्हणून परराष्ट्र धोरणाचे एकही वाक्य स्थानिक करारात येऊ देऊ नका. ते वगळायला समोरचे तयार नसतील, तर करार न केलेलाच बरा.

दोन भाषांतल्या प्रतींपैकी वाद झाल्यास कोणती ग्राह्य, हे लिहून ठेवा. कंपनीशी करार असेल तर सहीबरोबर तिचा अधिकृत लाल शिक्का हवाच. परदेशी न्यायालयाचा निकाल चीनमध्ये अमलात आणणे अवघड असते. लवादाच्या निवाड्याची वाट तुलनेने सोपी, कारण परदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय न्यूयॉर्क कराराचा चीन 1987 पासून सदस्य आहे. लवाद संस्थेचे नाव कलमात स्पष्ट लिहा, मोघम कलम चिनी कायद्यात अवैध ठरू शकते.

डेटाबद्दल दोन्ही बाजूंनी विचार करा. 2021 मधील डेटा सुरक्षा कायदा आणि वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांमुळे चीनमध्ये गोळा केलेली माहिती बाहेर न्यायला परवानगी लागू शकते. उलट, 2017 चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा चिनी संस्थांना गुप्तवार्तेच्या कामात साहाय्य करायला सांगतो. त्यामुळे गुप्ततेचे आश्वासन कितीही प्रामाणिक असले, तरी ते पाळणे समोरच्याच्या हातात असेलच असे नाही. संवेदनशील माहिती सामायिक सर्व्हरवर ठेवूच नका आणि दौऱ्यावर जाणाऱ्यांना कोरा लॅपटॉप द्या.

संस्थेतले सगळे करार एकाच नोंदवहीत आणा. विभागांनी परस्पर केलेले छोटे करारच बहुधा नजरेआड राहतात. एक जबाबदार अधिकारी नेमा, दरवर्षी फेरतपासणी करा. किती महिन्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येईल, तेव्हा अर्धवट संशोधनाचे हक्क कोणाकडे राहतील आणि तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांची सोय कोण लावील, हे सही करण्याआधी मसुद्यात लिहून घ्या.