गोव्यात भरलेली हवा रोहतांगला बदलते

पणजी-म्हापशाहून सायकल गाडीवर बांधून मनालीला नेत असाल, तर टायरचा दाब घरी ठरवू नका. इथे समुद्रसपाटीला २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर मनालीजवळच्या रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) मापकावर ३०च्या आसपास दाखवतो. बाहेरची हवा विरळ झालेली असते आणि मापक आतला-बाहेरचा फरकच मोजतो. थंडीने त्यातले दोन-तीन पीएसआय परत उतरतात, म्हणून हवा उबदार खोलीत नव्हे, ट्रेलच्या तोंडाशीच मोजा. डिजिटल मापक जवळ हवाच. अंगठ्याने दाबून एवढा फरक कळत नाही.

खरा घोटाळा फोर्कात, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के शोषणाऱ्या दुपायी भागात होतो. त्याच्या खालच्या पायांत अडकलेली हवा उंचावर फुगते आणि दाबला जाताना शेवटच्या टप्प्यात फोर्क दगडासारखा कडक लागतो. हवा सोडायचं बटण असेल तर दाबा, झालं. नसेल तर फोर्क न दाबता पूर्ण लांब ठेवून, खालच्या पायात सरकणारी वरची नळी पुसून, गुळगुळीत कडांचा बारीक केबल टाय डस्ट सीलच्या (नळीभोवतीच्या धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) आत हलकेच सरकवा. ‘फुस्स’ आवाज थांबला की काढा. स्क्रूड्रायव्हर मुळीच नको, सील फाटते आणि नळीवर ओरखडा पडतो. गोव्यात परतल्यावर हेच पुन्हा करा. नाहीतर आतला दाब कमी पडून फोर्क किंचित खाली ओढलेला राहतो.